ठोकाबाईंचा कानाडोळा

गल्लीतली बाकीची माणसं भेटली की "काय, बरं आहे ना?" असं विचारत. ठोकाबाई विचारत, "काय, ठोका बरोबर आहे ना?" हा प्रश्न त्या माणसालाही विचारत आणि त्याच्या मनगटावरच्या घड्याळालाही, आणि खरं सांगायचं तर उत्तर त्या घड्याळाचंच लक्ष देऊन ऐकत. नाव त्यावरून पडलं. ठेवणाऱ्याला वाटलं होतं, बाई चिडतील. बाईंनी रंगाऱ्याला बोलावून ते दारावरच्या पाटीवर लिहून घेतलं: 'ठोकाबाई. घड्याळं दुरुस्त होतील. घाई असणाऱ्यांनी पुढचं दुकान बघावं.' पुढे दुकान नव्हतंच. गल्ली तिथंच संपत होती.

बाईंचं दुकान म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या घराची पुढची खोली. खाली एक कुलूपवाला, वर रात्रपाळी करणारी एक नर्स, आणि मधे ही घड्याळं. खिडकीला लागून छातीइतकं उंच टेबल होतं, कारण घड्याळजी कामावर वाकत नाही, काम डोळ्यापर्यंत उचलून घेतो. टेबलाच्या उजव्या टोकाला निळ्या काठाची एक पांढरी ताटली. दुरुस्तीला आलेलं घड्याळ आधी त्या ताटलीत पडायचं. तिच्या वर भिंतीला खुंट्यांची फळी. दुरुस्त झालेलं घड्याळ एक दिवस आणि एक रात्र तिथं टांगून मगच मालकाच्या हातात जायचं. फळीखाली वेताची खुर्ची, आणि खुर्चीत बाईंचे सासरे, वय वर्षं त्र्याऐंशी.

घड्याळ टिकटिक करतं असं लहान मुलांना शिकवतात. बाईंच्या मते ही मुलांची फसवणूक होती. घड्याळ एकदा टिक करतं आणि एकदा टक, आणि या दोघांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी सारखं असेल तरच ते घड्याळ निरोगी. एक अंतर कमी आणि एक जास्त झालं, की त्याला या घरात 'लंगडं' म्हणत. लंगडं घड्याळ टेबलावर साळसूदपणे चालतं आणि मनगटावर चढलं की रंग दाखवतं. कधी थांबतं, कधी उभं धरलं की पुढे पळतं आणि आडवं ठेवलं की मागे रेंगाळतं. हे तपासायचं यंत्र बाईंकडे होतं, पण ते त्या फक्त शंका आली तर लावत, आणि त्यांना शंका सहसा येत नसे. त्यांचा कान म्हणजे कान. एकदा दवाखान्यात डॉक्टर त्यांची नाडी धरून बसले होते, तर नाडीचं राहिलं बाजूला आणि बाईच म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं घड्याळ लंगडतंय. उद्या पाठवून द्या."

बाईंचे यजमान शाळेत कवायत शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. नोकरीत होते तोवर घरात फारसे बोलत नसत. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि एकदम कंठ फुटला. साधं "चहा घेतेस का" असं विचारलं तरी टेबलावरच्या, घड्याळं झाकायच्या काचेच्या टोप्या थरथरत. "मैदान सुटलं, आणि हे घसा घरी घेऊन आले," असं बाई नणंदेला सांगत. मास्तर दिवसभर घशाच्या गोळ्या चघळत, त्यावरूनही बाईंची बोलणी खात. आणखी एक बदल बाईंच्या नजरेत आला होता. मास्तर मोठ्यानं काही बोलले की लगेच वर आढ्याकडे बघून हात जोडत. आयुष्यभर देवाचं नाव न घेतलेला माणूस! पण निवृत्तीनंतर बऱ्याच जणांना देव आठवतो, तसं असेल म्हणून बाईंनी ते सोडून दिलं.

घड्याळाची विद्या बाईंनी माहेराहून आणली नव्हती. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना घड्याळात किती वाजले एवढंच कळत होतं. मुलगा मैदानावर रमणारा, म्हणून सासऱ्यांनी सुनेच्या डोळ्याला भिंग लावलं, आणि पाच वर्षांत सून सासऱ्यांच्या चुका काढायला लागली. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं सासरे गिऱ्हाइकांना सांगत, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुललेला असे की गिऱ्हाइकाला वाटावं, हे तक्रार करतायत की मिरवतायत.

मग सासऱ्यांचे डोळे जायला लागले. चार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या दिवंगत आईचं घड्याळ त्यांच्या हातात होतं, आणि त्यांनी चिमटा असा घातला की सर्वांत नाजूक चाकाचा आस मोडला. गिऱ्हाईक समोर उभं होतं. बाई म्हणाल्या, "बाबा, आता पुरे. ज्याला दिसत नाही, त्यानं टेबलावरून उठावं."

बोलल्या ते खरंच होतं. पण खरं बोलायलाही जागा असते, आणि ती गिऱ्हाइकासमोर नसते, हे त्यांना गिऱ्हाईक जिना उतरून गेल्यावर कळलं. सासऱ्यांनी भिंग काढलं, रुमालानं पुसलं, सुनेच्या तळहातावर ठेवलं आणि वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. नंतर दोन दिवस पोट बिघडलंय म्हणून जेवले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा पूर्वीसारखे बोलू लागले, चिडवू लागले, वाद घालू लागले. फक्त हत्याराला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, आणि त्या वाक्याचा विषय दोघांनीही काढला नाही. बाईंनी ते भिंग आपल्या खणात एका डबीत ठेवलं होतं. डबी उघडायचं त्या टाळत.

वादांना मात्र तोटा नव्हता. सर्वांत जुना वाद नऊ वर्षांचा, आणि तो दरवानाचा.

घड्याळात ताकद भरपूर असते. चावी दिली की कमान गुंडाळली जाते, आणि तिला एकच घाई असते, सुटायची. मोकळी सोडली तर दिवसभराची पुंजी ती क्षणात उधळून बसेल. म्हणून तिच्या वाटेत एक दरवान उभा करतात. पुस्तकात त्याला एस्केपमेंट म्हणतात, या घरात दरवान म्हणत, कारण त्याचं कामच ते: चाकाचा एक दात आत सोडायचा आणि दार लावायचं, पुन्हा एक सोडायचा आणि दार लावायचं. दार कधी उघडायचं हे ठरवतो झोका. झोका म्हणजे केसासारख्या बारीक कमानीवर मागेपुढे डोलणारं एक चाक. आत जाणारा दात जाता जाता झोक्याला हलकासा धक्का देतो, म्हणजे झोका थांबत नाही. झालं घड्याळ. पुढची सगळी अक्कल त्या धक्क्यात आहे.

"झोका स्वभावानं प्रामाणिक," सासरे सांगत. "मोठा घ्या की छोटा घ्या, वेळ तेवढाच घेणार. तो बिघडतो दुसऱ्यांनी हात लावल्यामुळे."

पण हात लावल्याशिवाय तर भागत नाही. मग तो कधी लावायचा? झोका अगदी मधोमध, सर्वांत वेगात असताना धक्का बसला तर त्याला पत्ताही लागत नाही. मधोमध येण्याआधी बसला तर घड्याळ पुढे जातं, नंतर बसला तर मागे पडतं. शिवाय दार उघडायला झोक्याला दरवानाच्या कडीवर टक्कर द्यावी लागते, त्यात त्याची थोडी ताकद जाते. म्हणून कडी जितकी कमी अडकलेली आणि धक्का जितका थोडका आणि मधोमध, तितकी वेळ पक्की. सासऱ्यांच्या भाषेत, दरवान चांगला तोच, जो दार उघडतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही.

नेहमीच्या घड्याळात दरवान दोन्ही कामं करतो. दात अडवतो आणि त्याचा धक्का झोक्यापर्यंत नेऊनही पोचवतो. त्यासाठी दात दरवानाच्या माणकाच्या खड्यांवरून घसरत जातो. घसरायचं म्हणजे तेल आलं, आणि तेल म्हातारं होतं, चिकट होतं. तेल बदललं की धक्का बदलतो आणि धक्का बदलला की वेळ. जुन्या काळी जहाजावरच्या घड्याळांत चाकच झोक्याला थेट धक्का द्यायचं, तिथं तेलाची भानगड नसे. पण ती घड्याळं पेटीत, गादीवर ठेवलेली. तसलं घड्याळ खिशात घालून कोणी धडाधड जिना उतरला, तर दार हिसक्यानं उघडून दोन दात एकदम आत शिरायचे.

बाईंच्या डोक्यात होतं दोन्ही जमवायचं. दरवान ठेवायचा, पण फक्त कडी लावायला. धक्का चाकानं स्वतः द्यायचा, सरळ, मधोमध, आणि तोही दोन हेलकाव्यांत एकदाच.

"हे तुझ्याआधी कोणाला सुचलंच नसेल, असं वाटतं का तुला?" सासरे म्हणत.

"सुचलं असेल की. पण माझ्याकडून जमतं का ते बघायचंय."

"दोनदा न ढकलता एकदा ढकललं तर झोका रुसेल."

"तुम्ही रुसत नाही एवढ्या तेवढ्यावरून, तर तो कशाला रुसेल?"

अशी नऊ वर्षं गेली. अकरा चाकं घासून फुकट गेली, तीन दरवान मोडले. चौथा बसला आणि घड्याळ चाललं. खिशातलं, बशीएवढं, दिसायला काही खास नाही. कारागीर संघाची घड्याळांची परीक्षा तीन वर्षांतून एकदा असते: चौदा दिवस घड्याळ आडवं, पालथं, उभं, या कुशीवर, त्या कुशीवर ठेवून, गार पेटीत आणि ऊबदार पेटीत घालून बघतात. बाईंनी नाव दिलं. घड्याळ सोमवारी सकाळी पोचवायचं होतं. राहिलं होतं एकच काम: त्याचा ठोका जुळवणं.

आणि इथं गाडी अडली. या घड्याळाचा धक्का एकाच बाजूला, त्यामुळे एक ठोका खणखणीत आणि दुसरा नुसता कडी पडल्याचा, चोरपावलांचा. तपासायच्या यंत्राला सवय दोन सारख्या ठोक्यांची. ते बिचारं गोंधळून कागदावर ठिपक्यांचा पसारा मांडून मोकळं झालं. म्हणजे कानाशिवाय गत्यंतर नाही. बाईंनी घड्याळ कानाला लावलं. टिक. मग काही नाही. टिक. मग काही नाही. त्यांना वाटलं, कडी पडतच नाही. भिंग लावून बघितलं तर कडी बरोबर पडत होती, दर खेपेला, शिस्तीत. डोळ्याला दिसत होतं आणि कानाला ऐकू येत नव्हतं. बाईंच्या काळजाचा ठोका चुकला, आणि तो मात्र त्यांना चांगला जाणवला.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. हल्ली कुलूपवाल्याची हातोडी त्रास देत नाही. फोनवर नणंद पुटपुटते. आणि दुरुस्त करून खुंटीवर टांगलेली घड्याळं पुन्हा ताटलीत सापडतात! गेलं वर्ष-सव्वा वर्ष हे चाललं होतं. ताटलीतलं घड्याळ उचलावं, यंत्राला लावावं, तर ते लंगडं निघायचं. "अरे, हे राहिलंच होतं वाटतं," असं म्हणून बाई पुन्हा करत, आणि मास्तरांवर डाफरत, "तुम्हाला किती वेळा सांगितलं, माझ्या टेबलाची आवराआवर करू नका म्हणून!"

"मी हातसुद्धा लावला नाही!" मास्तर ओरडून सांगत, आणि आढ्याकडे बघून हात जोडत.

बाईंनी डॉक्टरांना काही सांगितलं नाही, घरातही नाही. कारण सोपं होतं. ज्याला दिसत नाही त्यानं उठावं, हे त्यांचंच वाक्य. मग ज्याला ऐकू येत नाही त्यानं बसून राहावं, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? तेहतीस वर्षं त्या टेबलाशी बसल्या होत्या. तिथून उठायचं म्हणजे कुठं जायचं, हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही लाज.

शनिवारी त्यांनी एक उपाय करून बघितला. पेन्सिलीचं एक टोक दातांत धरलं आणि दुसरं घड्याळाच्या पाठीला टेकवलं. आवाज हाडांतून जातो, असं कुठंतरी वाचलं होतं. आणि गेलाही! खणखणीत ठोका जबड्यात असा वाजला, की जणू कुलूपवालाच आत शिरला. पण दुसरा? काहीतरी ऐकू येत होतं खरं. ते कडीचं होतं की त्यांच्याच रक्ताचं, काही सांगता येईना. डोळे मिटून, पेन्सिल चावत त्या बसल्या असताना दारात मास्तर उभे राहिले.

"भूक लागली असेल तर सांग की!" मास्तर गरजले. "मी पाव भाजतो! घड्याळ कशाला खातेस!"

वेताच्या खुर्चीतून खुसखुस झाली असावी, कारण सासऱ्यांचे खांदे हलताना दिसले. बाईंना हसू आलं नाही.

रविवारी दुपारी मास्तर पाव आणायला गेले तेव्हा बाईंनी टेबलाचे खण आवरले, चिमटे ओळीनं लावले, घड्याळावर काचेची टोपी ठेवली आणि स्टूल ओढून सासऱ्यांसमोर बसल्या.

"बाबा, उद्या मी घड्याळ देत नाही. आणि टेबलही सोडतेय."

"हं," सासरे म्हणाले. त्यांनी मान वळवून तोंड बरोबर सुनेच्या समोर आणलं होतं, आणि ते नेहमीपेक्षा सावकाश बोलत होते. "का?"

"मला ऐकू येत नाही."

"हं."

"नुसतं हं काय? मी तुम्हाला काय म्हटलं होतं ते आठवतंय ना? मग तेच मलाही लागू."

सासऱ्यांनी हात लांब करून चाचपत ताटली ओढली आणि त्यातलं एक घड्याळ उचलून सुनेच्या हातात दिलं. काल दुपारी बाईंनी ते स्वतः चौथ्या खुंटीवर टांगलं होतं.

"हे बेचाळिसावं," ते म्हणाले. "डावा कान आधी गेला तुझा. दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात. उजवा मागच्या वर्षी."

बाई घड्याळाकडे बघत राहिल्या. "तुम्ही? ताटलीत परत तुम्ही ठेवत होता?"

"मग काय ती आपणहून चालत गेली? लंगडी होती ती."

"बाबा, मला सांगायचं नाही का?"

सासऱ्यांनी ताटली बाजूला सरकवली. "तू मला सांगितलंस ना, तेव्हा माझं पोट बिघडलं नव्हतं," ते म्हणाले. "मला घास उतरत नव्हता. तू म्हणालीस ते बरोबर होतं, मी उठायलाच हवं होतं. पण फार लागलं. तेच उचलून तुला द्यायचं, हे काही मला जमेना. म्हटलं, खुंटीवरून ताटलीत ठेवायला डोळे कशाला लागतात? तेवढं मी करतो."

बाईंना रडू आलं. चार वर्षांचं साठलेलं होतं, ते एकदम आलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "त्या माणसासमोर मी तसं बोलायला नको होतं."

"नकोच होतं. आणि एक सांगू? त्या दिवशी तू माझे डोळे गेले ते बघितलंस, पण 'बाबा, तुमच्या कानांचं काय करायचं?' हे काही विचारलं नाहीस. तेव्हा मीच त्यांना कामाला लावलं. आता आण ते तुझं रुसणारं घड्याळ."

बाई उठल्या. घड्याळ घेतलं, मग थबकून खण उघडला, डबी काढली आणि भिंग सासऱ्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते बोटांनी ओळखलं, रुमाल काढून पुसलं आणि डोळ्याला लावलं.

"दिसतंय काही?" बाईंनी विचारलं.

"काडीचंसुद्धा नाही. पण हे लावल्याशिवाय मला नीट ऐकू येत नाही."

मग काम सुरू झालं. झोक्याच्या मधोमध, केसासारख्या कमानीचं आतलं टोक धरून ठेवणारी एक चिमुकली चकती असते. ती किंचित फिरवली की ठोक्यांमधलं अंतर बदलतं. त्यासाठी दर वेळी घड्याळ थांबवायचं, झोका बाहेर काढायचा, चकती फिरवायची आणि पुन्हा बसवायचा. बाई फिरवत, सासरे कान लावत. "लंगडतंय. थांब, कुठल्या पायानं ते बघू दे." बाईंची नजर कामावर असताना बोललेलं त्यांना कळत नाही हे लक्षात आल्यावर सासऱ्यांनी सुनेच्या मनगटावर बोट ठेवलं: एकदा दाबलं तर डावीकडे, दोनदा दाबलं तर उजवीकडे. चौथ्या खेपेला बाईंनी जास्त फिरवलं तर त्यांनी मनगटावर चापट मारली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मारायचे, तशीच.

सातव्या खेपेला मास्तर पाव घेऊन आले. दोघांकडे बघून दारातच थांबले. सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मास्तर मांजराच्या पावलांनी आले, बाईंच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, "चहा ठेवू?"

बाईंना आवाज आला नाही, ओठ तेवढे हललेले दिसले. आणि एकही काचेची टोपी थरथरली नाही.

"अहो, तुम्हाला इतकं हळू बोलता येतं?"

"तो लहानपणापासून असाच बोलतो," सासरे मोठ्यानं म्हणाले. "मैदानावर शिट्टीवर भागवायचा. मी त्याला म्हटलं, तिला ऐकू जात नाहीये, जरा आवाज चढव. तेव्हापासून घसा फोडून घेतोय."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मास्तर खिशातली गोळ्यांची डबी उघडायच्या खटपटीत होते, आणि ती त्यांना उघडत नव्हती. बाईंनी ती हातातून घेतली, उघडून दिली. दोन वर्षं त्या गोळ्यांवरून आपण या माणसाला काय काय बोललो, ते सगळं त्यांना ओळीनं आठवलं.

"यापुढे समोर येऊन बोलायचं," त्या म्हणाल्या. "ओठ दिसले की पुरे. डोळे चांगले आहेत माझे."

"डोळे तुझे, कान बाबांचे," मास्तर म्हणाले, हळू आणि स्वच्छ. "आता दुकानात राजरोस कानाडोळा होणार म्हणायचा."

नवव्या खेपेला मनगटावरचं बोट हललंच नाही. बाई वाट बघत राहिल्या. सासरे भिंग लावून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते, आणि ऐकतच राहिले. शेवटी म्हणाले, "नाही रुसत गं."

घड्याळ सोमवारी सकाळी गेलं. परीक्षेत सतरांपैकी सहावं आलं. एका कुशीवर ठेवलं की दिवसाला दोन सेकंद मागे पडत होतं. ते का, यावर सासऱ्यांचं एक मत आणि सुनेचं दुसरं, म्हणजे पुढच्या परीक्षेपर्यंतची सोय झाली. रंगाऱ्याला पुन्हा बोलावून पाटीवर एक ओळ वाढवली: 'इथे प्रत्येक घड्याळाचा कानाडोळा केला जाईल.' ती वाचून दोन गिऱ्हाइकं जिन्यावरूनच परत गेली आणि बाकीची विचारायला वर आली.

पण निकाल लागण्याच्या आधीची, त्याच आठवड्यातली एक गोष्ट राहिली. कानाच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली वेळ दिली होती. गुरुवारी दुपारी वरची नर्स खाली आली. डोळ्यांत झोप, चेहऱ्यावर काळजी.

"मास्तर बरे आहेत ना?" तिनं विचारलं. "चार दिवस आवाज नाही. मला झोपच लागेना."

बाईंनी तिच्या ओठांवरून ओळखलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. ऐकता ऐकता नर्स स्टुलावर बसली.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मी दोन वर्षं यांच्या आवाजानं जागी होऊन जमिनीवर काठी आपटतेय."

"काठी?" बाई म्हणाल्या. "कसली काठी? मला तर कधी ऐकू आली नाही."

आणि मग त्यांना आढं आठवलं. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर आतल्या दारात उभे होते, आणि सवयीनं त्यांची नजर वर गेली होती, हात जोडले गेले होते.

"अहो," बाई म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस तुम्ही हात जोडत होता, ते देवाला नाही? यांना?"

मास्तर जवळ आले, त्यांना नीट दिसेल असे समोर उभे राहिले, आणि हळूच म्हणाले, "दोघांनाही."